परतीचा डबा

२००४च्या उन्हाळ्यात टेक्सासमध्ये एमएस करणारे आम्ही चौघं मित्र पाठीवर सॅक टाकून शिकागो आणि न्यू यॉर्क बघायला निघालो. ओझं नको म्हणून मी दुसरी जीन्ससुद्धा घेतली नव्हती. शिकागोत मुक्काम माझ्या मावशीकडे, डेव्हन ॲव्हेन्यू या देशी दुकानांच्या रस्त्याजवळ. निघताना तिने चकल्यांनी भरलेला स्टीलचा डबा माझ्या हातात दिला. "न्यू यॉर्कला धाकट्या मावशीला दे. आणि डबा परत आण."

न्यू यॉर्कला बसमधून उतरून शहरभर हिंडताना सॅकमधला तो डबा पाठीत टोचत होता. जगात पोस्ट नावाची सोय असते, हे या बहिणींना कोण सांगणार! एका देशात राहून दोघींची कित्येक वर्षांत भेट नव्हती.

धाकटीने चकल्या काढून घेतल्या, डबा घासला आणि बेसनाच्या लाडवांनी गच्च भरला. "रिकामा डबा कधी परत देतात का रे?"

झालं! परतीच्या बसमध्ये सगळ्यांना भूक लागली. एकाने झाकणाला हात घातला, तर मीच त्याच्यावर खेकसलो.

शिकागोच्या मावशीने उभ्याउभ्याच डबा उघडून एक लाडू खाल्ला. "तूप कमी घातलंय हिने," म्हणाली आणि दुसरा उचलला. तोही सावकाश संपवला. मग झाकण घट्ट लावून डबा सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला, आणि आमच्यापुढे आली डेव्हनवरच्या दुकानातली बर्फी.