गार बाटली

ती दुपार मला आजही जशीच्या तशी आठवते. तेव्हा मी फौजदार होतो, नेमणूक मुरूडच्या बाजूला होती. अंमलदार स्टेशन डायरी लिहीत होता, तोच सरकारी रुग्णालयातल्या सिस्टरांचा फोन आला.

"साहेब, एक खलाशी आणलाय. हुडहुडी भरलीय, लघवी कोकमाच्या आगळासारखी लाल होतेय. आगरदांड्याच्या 'डॉक्टर'कडे सलाईन लावून आला म्हणतो. त्याच्या शिरेत काय गेलंय, ते मला आत्ता हवंय!"

डॉक्टर कसला! एक खाट, भिंतीला खुंटी, खुंटीला बाटली, झाला दवाखाना. समुद्रावरून थकून आलेली माणसं ताकदीसाठी त्याच्या दारात रांग लावत. दोन पंच घेऊन आम्ही धडकलो.

चौकशीत गडी घडाघडा बोलत होता. "साधी सलाईन लावली साहेब, मिठाचं पाणी. त्यानं कुणाला काय होतंय?" खोटं बोलणारा माणूस जीभ सांभाळतो, डोळे सांभाळायला विसरतो, हा माझा अनुभव. याचे डोळे सारखे कोपऱ्यातल्या थर्माकोलच्या पेटीकडे जात होते. पेटी मासे ठेवायची. झाकण उघडलं आणि मी ओरडलोच. वितळत्या बर्फात बाटल्या तरंगत होत्या, आणि एकीवरही लेबल नव्हतं! सगळी लेबलं सुटून तळाशी लगदा झाला होता.

"अरे, बाटल्या बर्फात?"

"उन्हातून येतात साहेब, गार बाटलीच मागतात. गारव्यानं ताकद लवकर येते म्हणतात."

मी सिस्टरांना फोन लावून हे सांगितलं. त्या कडाडल्या, "जखमा धुवायच्या पाण्याच्या बाटल्या होत्या का त्यात, विचारा!"

त्याचा चेहरा पडला. होत्या. गळ लागून हात फाटलेल्यांसाठी आणल्या होत्या, ठेवल्या त्याच पेटीत.

"लेबल गेलं की दोन्ही सारख्याच दिसतात. मग नुसतं पाणी गेलंय शिरेत," सिस्टर म्हणाल्या. "त्यानं रक्तपेशी फुटतात, म्हणून लघवी लाल. इथलं मी बघते. आणखी कुणाला बाटली दिलीय?"

मी त्याची कॉलर धरली. तेव्हा कुठे बोलला. खाडीपलीकडच्या दिघीचा एकजण बाळंतीण बायकोसाठी बाटली घेऊन मघाच्या फेरीबोटीनं गेला होता. नाव विचारलं नव्हतं.

फेरीबोट पलीकडे लागलेली दिसत होती. बिननावाचं घर शोधणार कसं? एकदम सुचलं! बकरी हरवो की कुणाची मयत होवो, या किनाऱ्यावर खबर मशिदीच्या भोंग्यावरून फिरते. दिघीच्या पोलीस पाटलांना फोन केला आणि मी होडीत उडी मारली. अर्ध्या खाडीत असतानाच आवाज कानावर आला, "आगरदांड्याहून आणलेली सलाईन कुणी लावू नका!" मी होडीतच टाळी वाजवली.

धक्क्यावर एक माणूस बाटली छातीशी धरून उभा होता. "गावातल्या कंपाउंडरनं बायकोला सुई टोचली होती साहेब, नळी जोडायची बाकी. अल्लाचा शुकर, ऐकू आलं." वर्दीचं भान विसरून मी त्याला मिठीच मारली. आणि हा पठ्ठ्या विचारतो, "मग साहेब, चांगली बाटली कुठं मिळंल?" मी कपाळावर हात मारून घेतला.

त्याच्या बायकोला होडीतून थेट सिस्टरांकडे नेलं. सिस्टर नवऱ्याला म्हणाल्या, "मिठाची सलाईन वेगळी, ग्लुकोज वेगळं, रिंगर लॅक्टेट वेगळं. पेशंट तपासून डॉक्टर ठरवतात. आम्ही लेबल वाचतो, मुदत बघतो, बाटली उजेडात धरतो, थेंबांचा वेग लावून लक्ष ठेवतो. ही काय गार सरबताची बाटली आहे?" मग त्या बाईकडे वळल्या. "तुला काय होतंय गं?"

ती पुटपुटली, "पानी मागतेय मी. कोन देत न्हाय. बाळंतिणीला पानी नको म्हनतात."

सिस्टरांनी ग्लास भरून दिला. तिनं तो एका दमात संपवला आणि म्हणाली, "अजून."

खलाशी बरा झाला. भोंदूला शिक्षा झाली. दिघीची बाटली तपासणीला पाठवली होती, तिच्यात साधं पाणीच निघालं. म्हणजे घरचे जे पाणी तिला तोंडानं देत नव्हते, तेच शिरेतून घालायला निघाले होते! नोकरीत मी शेकडो लोकांचे जबाब घेतले. पण ज्याच्या जिवावर बेतलंय, त्यालाच आधी विचारावं, हे मला त्या एका ग्लासानं शिकवलं.