अडीच व्होल्टांचं शून्य

कारखान्यात त्यांना सगळे दुर्बीणराव म्हणत. छोट्या मोटरींत बसणारे लोहचुंबक तपासायचं काम त्यांच्याकडे होतं, आणि चुंबकाआधी तो आणणाऱ्या माणसाला तपासायची सवय त्यांची स्वतःची. घरी दुधाची पिशवीसुद्धा ते उजेडात धरून बघत. बायको म्हणे, "लग्नाआधी मलाही असंच निरखलं होतंत. तरी फसलातच ना?"

त्यांचं हत्यार नखाएवढं: तीन पायांचा हॉल सेन्सर. त्याला चार्जरनं पाच व्होल्ट दिले की समोर काही नसताना तो अडीच दाखवतो. चुंबकाची एक बाजू समोर आली की आकडा वर, दुसरी आली की खाली; अडीचपासून जितका लांब, तितका चुंबक जोरकस. म्हणजे इथं शून्याला अडीच म्हणतात. हे एकदा पाठ झाल्यावर दुर्बीणरावांनी रिकाम्या सेन्सरकडे बघणं सोडून दिलं. रिकाम्या जागेवर संशय घ्यायचा तरी कसा?

त्या आठवड्यात चुंबक धडाधड नापास होऊ लागले. फरक किमान ०.९० हवा, येत होता ०.७९. खोकी येत भांडारातून, आणि भांडार सांभाळायचा त्यांचा सख्खा साडू. तो चांगला माल बाहेर विकून टाकाऊ भरतो, हे दुर्बीणरावांनी केव्हाच ठरवलं होतं. पुरावा तेवढा उशिरा आला. दुपारी अहवाल साहेबांकडे गेला की साडूची नोकरी गेलीच.

सकाळी साडू स्वतःच टेबलाशी आला.

"काय साडूभाऊ, माझ्या नावानं खडे फोडताय म्हणे?"

"मी कोण? आकडे बोलतात."

"मग माझ्यासमोर बोलू द्या की."

दुर्बीणरावांनी चुंबक नेहमीच्याच बाजूनं ठेवला. ३.२९. "वजा अडीच. एकोणऐंशी. पाहिलंत?"

साडूला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यानं चुंबक उचलून न्याहाळला आणि परत ठेवताना उलटा ठेवला. १.४१. दुर्बीणरावांनी सवयीनं वजाबाकी केली, मग पुन्हा केली. १.०९.

"काय झालं?"

"काही नाही. हात दाखवा. बाह्यासुद्धा."

बाह्यांत काही नव्हतं. मग त्यांनी खोक्यातले आणखी चार स्वतःच्या हातानं काढले. प्रत्येक जण एका बाजूनं चोर, दुसऱ्या बाजूनं साव. शेवटी सगळे चुंबक दूर सारून त्यांनी रिकाम्या सेन्सरकडे पाहिलं. २.३५. चार्जर थकला होता. पाचऐवजी चार पूर्णांक सातच देत होता, आणि सेन्सर इमानानं त्याचं निम्मं दाखवत होता. दुसरा चार्जर लावला: रिकामा अडीच, दोन्ही बाजूंना फरक बरोबर एक.

अहवाल फाडून त्यांनी नवा लिहिला. कारणाच्या रकान्यात एवढंच: 'माल उत्तम. तपासनिसाचं शून्य चुकलं.' सही केली आणि कागद साडूपुढे सरकवला.

साडूनं तो दोनदा वाचला. मागची कोरी बाजूही पाहिली. मग खुर्ची जवळ ओढून हळूच विचारलं, "खरं सांगा. माझ्याकडून हवंय काय?"