अक्काची पत्र्याची खोली

भूकंपात अक्काचं सासर मातीच्या जड माळवदाखाली गाडलं गेलं. नवरा, सासू, दोन लेकरं. माझी ही थोरली बहीण तेवढी वाचली. लातूरला माझ्याकडे आली, पण आमच्या स्लॅबच्या घरात झोपायला काही केल्या तयार होईना. शेवटी गच्चीवर तिला पत्र्याची खोली करून दिली. उन्हाळ्यात आत नुसती भट्टी. "पत्रा पडला तर माणूस मरत न्हाई," असं म्हणून ती मात्र तिथं निवांत झोपायची.

पुढे शहरात जिकडे तिकडे क्लास निघाले. मीही एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायला लागलो. शेजारच्याने पोरांसाठी होस्टेल बांधलं आणि त्याच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर उभा राहिला, अक्काच्या खोलीच्या अगदी तोंडासमोर. गल्लीतली माणसं तक्रार अर्जावर सही मागायला आली, तर मी त्यांचाच तास घेतला. या लहरींत मेंदूला इजा करण्याइतका दम नसतो, उगाच भिऊ नका, वगैरे. सही केली नाही. शहाणपणा नुसता उतू चालला होता माझा.

काही वर्षांनी बोलता बोलता अक्काला शब्द सापडेनासे झाले. तपासणीत मेंदूत गाठ निघाली.

"टॉवरमुळे?" मी विचारलं.

"तसा पुरावा नाही," डॉक्टर म्हणाले. "ही गाठ कशामुळे झाली, ते कुणीच सांगू शकणार नाही."

हेच मी गल्लीला सांगितलं होतं. पोरांना फळ्यावर शिकवत होतो. पण माझ्याच बहिणीच्या डोक्यात गाठ म्हटल्यावर माझं फिजिक्स कुठल्या कुठे गेलं.

त्याच दिवशी तिला खाली आणलं. ती जिन्याचा कठडा सोडेना. "वरीच ऱ्हाऊ दे रे मला," म्हणत होती. मी तिची बोटं एकेक करून सोडवली आणि गच्चीच्या दाराला कुलूप घातलं.

खाली ती पाच महिने जगली. दिवसभर उताणी पडून छताकडे बघायची. रस्त्यावरून ट्रक गेला की कॉटची दांडी घट्ट धरायची. हळूहळू बोलणं गेलं, माणसं ओळखणं गेलं. भीती काही गेली नाही. ज्याचा पुरावा नव्हता त्यापासून तिला वाचवायला मी तिला नेमकं तिच्या मरणाखाली आणून झोपवलं होतं. हे मला कळत होतं, तरी वर न्यायची हिंमत झाली नाही.

शेवटच्या सकाळी मी चमच्याने पाणी पाजत होतो. तिने छताकडे पाहिलं, सगळं बळ एकवटून मला ढकललं आणि कित्येक दिवसांनी बोलली, "तू तरी भाईर पळ रे."