लाल चिठ्ठी

आमच्या ह्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. म्हणून गॅरेजमधल्या सगळ्या चिठ्ठ्या लग्नापासून मीच लिहीत आले. तेव्हा नंबरवाल्यांच्या एक्केचाळीसच्या हँडलला त्या दिवशी चिठ्ठी होती की नव्हती, हे मला कुणी शिकवू नये.

नंबरवाले हे आम्ही दोघांनी घरात ठेवलेलं नाव. त्यांच्याकडे अकरा मोटारसायकली आहेत, सगळ्या शर्यतीच्या धाटणीच्या, कंपनीने मोजक्याच काढलेल्या. कुठली तीनशे काढली, कुठली पाचशे. प्रत्येकीच्या हँडलपाशी एक छोटी पट्टी असते, तिच्यावर तिचा क्रमांक कोरलेला. एक्केचाळीस ही त्यांतलीच एक, सगळ्यांत लाडकी. बंगल्याखाली गाड्यांसाठी थंडगार हॉल आहे आणि तिथे चपला बाहेर काढून जायचं. एकही गाडी चालवायची नाही. मीटरचा आकडा चढला की गाडीची किंमत उतरते म्हणे. टायरसुद्धा बदलायचं नाही. कारखान्यातून आलं तेच टायर राहिलं पाहिजे, नाहीतर गाडी अस्सल राहत नाही. घोडा विकत घ्यायचा आणि जन्मभर तबेल्यात बांधून नुसता खरारा करायचा, असला हा शौक.

तो खरारा चौदा वर्षं आमच्या ह्यांनी केला. दर गुरुवारी जायचं, धूळ पुसायची, चाकं हाताने फिरवायची, बॅटरी तपासायची. बाजारात ह्यांना सगळे अंगठेबहाद्दर म्हणतात. अक्षरावरून चिडवतात, ते आहेच. पण कुठलीही गाडी समोर आली की हे आधी तिचं टायर अंगठ्याने दाबून बघतात, म्हणूनही ते नाव चिकटलं. "रबर म्हातारं झालं तरी दिसायला तरणं दिसतं," हे म्हणतात. "रस्ता मात्र धरत नाही."

म्हणून ह्यांची एक पद्धत होती. अकराही गाड्या स्टँडवर उचललेल्या, टायरमधली हवा काढून टाकलेली आणि हँडलला लाल पुठ्ठ्याची चिठ्ठी: टायरं जुनी आहेत. चालवू नका. हवा नसलेल्या गाडीवर शहाणा माणूस बसत नाही आणि वेड्यासाठी चिठ्ठी.

गेल्या महिन्यात नंबरवाल्यांनी आपल्यासारख्याच शौकीन मंडळींना बोलावलं. गाड्या अंगणात आणून फोटो काढायचे आणि एक्केचाळीस सुरू करून तिचा आवाज ऐकवायचा, असं ठरलं. ढकलत आणायच्या म्हणजे टायरमध्ये हवा हवी. ह्यांनी अकराही गाड्यांत हवा भरली, एक्केचाळीसमध्ये थोडं पेट्रोल घातलं, चिठ्ठ्या नीट दिसतील अशा बांधल्या आणि पाहुण्यांची गर्दी नको म्हणून घरी आले.

आवाज ऐकून नंबरवाल्यांच्या जावयाला राहवलं नाही. तो एक्केचाळीसवर बसला आणि फाटकाबाहेर गेला. पहिल्याच वळणावर मागचं चाक सटकलं. खांद्याचं हाड मोडलं, गुडघा फुटला. डोक्यावर हेल्मेट होतं म्हणून वाचला.

संध्याकाळी नंबरवाल्यांनी त्यांच्या ग्रुपवर लिहिलं: मेकॅनिकने गाडी नीट तपासली नव्हती, ना कुणाला सांगितलं होतं. झालं. चार दिवसांत तिघांनी आपापल्या गाड्यांच्या किल्ल्या परत नेल्या. ज्यांच्या लेकीसुनांच्या स्कूटरी हे येता-जाता फुकट बघून द्यायचे, ती माणसं रस्ता बदलून जायला लागली.

आणि हे गप्प. तोंडात मूग. मी म्हटलं, "अहो, चिठ्ठी होती ना? मी लिहिली, तुम्ही बांधली. मग बोलत का नाही?"

"हवा मी भरली," एवढंच बोलले आणि पाना पुसत बसले. मला तो पाना घेऊन भिंतीवर आपटावासा वाटला. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्यासी म्हणतो, दोर नीट बांधा.

मग मीच शोधायला लागले. गॅरेजशेजारच्या पंक्चरवाल्याकडे कुणीतरी त्या दिवशीचे फोटो पाठवले होते. ते मी माझ्या फोनवर घेतले आणि एक बोटांनी मोठा केला. नंबरवाले एक्केचाळीसच्या बाजूला हात टेकून उभे, दात दिसताहेत, हँडल स्वच्छ. आणि त्यांच्या शर्टाच्या खिशातून लाल पुठ्ठ्याचा कोपरा बाहेर आलेला. त्यावर माझ्या हातचा 'टा'. फोटो खराब दिसू नये म्हणून चिठ्ठी काढून खिशात घातली होती त्यांनी. माझ्या कानशिलातून वाफा निघायला लागल्या.

दुसऱ्याच दिवशी नंबरवाल्यांचा फोन आला. एक्केचाळीसला दुसऱ्या कुणाचा हात लागू देणार नाही, म्हणाले. हे उठले, पिशवी घेतली. मी म्हटलं, मीपण येणार.

हॉलमध्ये मी चपला काढल्या नाहीत. एक्केचाळीस मधोमध उभी होती, एक बाजू घासून पांढरी पडलेली. नंबरवाले म्हणाले, "पट्टी शाबूत आहे, नशीब. मूळ रंग वाचेल का बघा."

"जावई कसे आहेत?" मी विचारलं.

"बरा आहे. पडूनच आहे अजून."

मी फोटो त्यांच्यापुढे धरला. त्यांनी पाहिला, खिशाशी हात गेला, मग खाली आला. "वहिनी, फोटोपुरती काढली होती. परत लावायचं राहून गेलं."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ह्यांनी पिशवीतून लाल पुठ्ठे काढून टेबलावर ठेवले. अकरा होते. पेन ठेवलं.

"लिहा," हे म्हणाले.

"मी?"

"हिने लिहिलेली तुम्ही काढता. स्वतःच्या हातची राहू द्याल. प्रत्येकीवर लिहा आणि खाली सही करा. मग ग्रुपवर फोटो टाका."

चौदा वर्षांत ह्यांनी त्या माणसाला एवढं लांबलचक कधी ऐकवलं नव्हतं. नंबरवाले माझ्याकडे बघायला लागले. मी खुर्ची पुढे सरकवली. त्यांनी अकरा चिठ्ठ्या लिहिल्या, टायरं जुनी आहेत, चालवू नका, खाली सही. मी एकेक वाचून हँडलला बांधली, दोन गाठी मारून. फोटो त्यांनी माझ्यासमोरच पाठवला.

मग हे गुडघ्यावर बसले. "हवा मी भरली होती," म्हणाले. "ती चूक माझी. ती मी घेऊन जातो." आणि पहिल्या गाडीच्या टायरची टोपी काढून आतली पिन दाबली. बावीस टायरं. एकामागून एक. सगळा हॉल त्या फुसफुशीने भरला होता आणि नंबरवाले पेन हातात घेऊन उभे होते.

"आणि एक्केचाळीस?" त्यांनी शेवटी विचारलं.

"नवं टायर घालायला सांगाल, त्या दिवशी हात लावीन."

"अहो, मग ती अस्सल राहील का?"

ह्यांनी पिशवी उचलली.

बाहेर आलो तरी माझा राग उतरला नव्हता. माफीचा एक शब्द त्या माणसाच्या तोंडून निघाला नव्हता आणि ह्यांनी तो मागितलाही नव्हता. हे बोलायचं होतं, ते सुनावायचं होतं, असं मी बडबडत होते. ह्यांनी आमच्या जुन्या गाडीचं मागचं टायर अंगठ्याने दाबलं, मग पुढचं दाबलं, आणि म्हणाले, "बस मागे."