डावं मागचं चाक

आधी माफी मागते. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, औंधजवळच्या आमच्या गावात. ऱ्हस्व-दीर्घ मला कळत नाही, आणि अक्षर असं, की परवाचं पान आज माझं मलाच लागेना. पण हे दुसऱ्या कुणाकडून लिहून घेण्यासारखं नाही. नऊ वर्षं मी हे कुणाजवळ बोलले नव्हते. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही. आता तुम्हाला सांगते.

कुपवाडला आमचं वर्कशॉप आहे. आमचं म्हणजे शेटचं. मी तिथं झाडलोट करायला लागले होते. गाड्यांची चाकं बदलायचं काम. बारकी चाकं काढून रुंद अलॉय आणि रुंद टायर बसवायचे, वर गाडी खाली घ्यायची – लोकांना ती जमिनीला टेकल्यासारखी दिसायला हवी असते. मला आधी हसू यायचं. रस्त्यावर एवढे गतिरोधक, आणि यांना गाडी खाली कशाला हवी? पण मग मला ते आवडायला लागलं. खोटं कशाला बोलू? खाली बसलेली, रुंद पायांची गाडी शेडमधून बाहेर निघाली की अजून माझं काम थांबतं.

मला हे काम दिलं भूपालकाकांनी. सगळ्यांत जुने फिटर. रुंद टायर बाहेर येतो, गाडी दबली की मडगार्डची कड त्याला कापते. म्हणून ती कड तापवून, रोलरनं दाबत दाबत आत दुमडायची. रंगाला तडा जाऊ द्यायचा नाही. काका ती अशी दुमडायचे, की साडीची घडी वाटावी. त्यांच्या हाताला सांगलीत तोड नव्हती – हे त्यांनाही माहीत होतं, आणि त्या एका गोष्टीचा त्यांना गर्व होता. दुसरा कसला नव्हता.

शेवटची परीक्षा बोटाची. डिकीत सिमेंटची दोन पोती टाकायची, मागं दोन माणसं कोंबायची, गाडी पुरती दबली की टायर आणि मडगार्ड यांच्या फटीतून बोट फिरवायचं. पुरुषांचे हात तिथं जायचे नाहीत. काकांनी एकदा माझी बोटं बघितली आणि म्हणाले, "रंजे, झाडू ठेव." तेव्हापासून चारी चाकांत बोट मी फिरवायची. कुठं टोचलं, अडलं, तर सांगायचं. एवढंच काम. पण माझ्या शब्दावर गाडी बाहेर जायची.

त्या दिवशी सांगलीच्या एका गिऱ्हाइकाची लाल स्पोर्ट्स गाडी होती. दोन दारांची. तो मित्र घेऊन आला होता, सगळे मोबाइलवर व्हिडिओ काढत होते. मी तीन चाकं बघितली. चौथं, डावं मागचं – तिथं त्यांच्यातला एक जण मोबाइल धरून उकिडवा बसला होता. तिथं वाकायचं म्हणजे त्याच्या तोंडापुढं, पदर सावरत, गुडघे टेकून. तो म्हणाला, "या की मावशी, तुमालाबी घेतो व्हिडिओत." बाकीचे हसले.

मी गेले नाही.

काकांनी विचारलं, "जातंय का बोट?"

"जातंय."

"चारी बगितलीस?"

"व्हय, चारी."

हे खोटं. पण एवढंच असतं तर मी नऊ वर्षं गप्प बसले असते का? कदाचित नसते. पुढचं सांगायला हात जड होतोय.

गाडी पाचगणीच्या घाटात गेली. वळणावर डावा मागचा टायर फाटला, गाडी कठड्याला घासली. कुणाला खरचटलंही नाही – त्यात माझं काही पुण्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी गाडी टेम्पोवर घालून आणली. शेट म्हणाले, "आधी चिखल धुऊन काढ, मग बगू." चाकाजवळ मी एकटीच. बोट आत घातलं – आता घातलं – आणि टोचलं. मडगार्ड आणि बंपर मिळतात तिथं आतून एक स्क्रू असतो. त्याचं टोक बाहेर राहिलं होतं, आणि त्यावर टायरचं काळं रबर चिकटलेलं. कड ठीक होती. काकांची घडी जशीच्या तशी होती.

मी स्क्रू काढला. पदराच्या गाठीत बांधला. मग शेटना हाक मारली.

आता सांगा, घाबरून तोंडातून खोटं निघतं, ते एक. पण स्क्रू ढिला करायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात माणूस थांबू शकतं. मी थांबले नाही.

शेटनी बघितलं, त्यांना कडच दिसली. "भूपालअण्णा, घडी नीट बसली न्हाई तुमची." काकांनी कडेवरून अंगठा फिरवला. दोनदा फिरवला. मग म्हणाले, "आसंल. वय झालं." त्यांना काही सापडत नव्हतं, तरी म्हणाले. मी बादली घेऊन शेजारी उभी होते.

अलॉय, टायर, दाराचा रंग – छत्तीस हजार. वर्षभर काकांच्या पगारातून गेले. पण पैशाचं सोडा. काकांनी त्यानंतर रोलर हातात घेतला नाही. हवा भरायचे, नट आवळायचे. कुणी कड दुमडायला सांगितली की म्हणायचे, "माझा हात गेला." वर्ष संपल्यावर साताऱ्याला मुलाकडं निघून गेले. तिथं पंक्चरच्या टपरीत बसतात असं कळलं.

जाताना रोलर मला देऊन गेले. मला.

मी तो चालवायला शिकले. पहिल्या कडा जुन्या भंगार मडगार्डांवर दुमडल्या, पन्नास तरी. आता मिरज, कऱ्हाडहून गाड्या येतात. मी गिऱ्हाइकांना दम देऊन मागच्या सीटवर बसवते – "पोट आत घ्या, दादा, गाडीची परीक्षा हाय, तुमची न्हाई." मोबाइलवाल्याला बाजूला हो म्हणते आणि तो होतो. गेल्या महिन्यात एक गाडी इतकी खाली होती, की दुसऱ्या दोन ठिकाणांहून परत पाठवलेली. मी चारी कडा केल्या, चारी चाकांत बोट फिरवलं, टोकं टायरकडं येऊ नयेत म्हणून स्क्रू उलटे बसवले. सहा गतिरोधकांवरून नेली. आवाज नाही. मला रस्त्यातच ओरडावंसं वाटलं. त्या कामाच्या पैशांनी मी काकांसाठी साठवत आलेली रक्कम पुरी झाली.

शनिवारी शटर उघडल्यावर, पाच माणसांसमोर, शेटना सगळं सांगितलं. आवाज मोठा लागला माझा. शेटनी शटरचं कुलूप खिशात टाकलं. मग म्हणाले, "सोमवारी ये. मग बगू."

रविवारी एसटीनं सातारा. काका टपरीत ट्यूब पाण्यात धरून बसले होते. मी उभ्या उभ्या सांगितलं आणि स्क्रू त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो अंगठ्यानं फिरवून बघितला. टोकाला अजून काळं होतं.

"नऊ वरसं, रंजे," एवढंच म्हणाले. माझ्याकडं बघितलं नाही.

मग एकदम उठले, मागच्या खोलीकडं तोंड करून हाक मारली. सत्तरीचा माणूस, पण आवाज वर्कशॉपमधला. "आगं, भाईर ये! आयकलंस का? माझा हात चुकला न्हवता. घडी बराबर हुती माझी!"

काकू पिठाच्या हातानं बाहेर आल्या. काका त्यांना स्क्रू दाखवत होते, शेजारच्या चहावाल्याला दाखवत होते, हवा भरायला आलेल्या माणसाला दाखवत होते. मी कुणी नव्हतेच तिथं. तेच बरोबर होतं.

पिशवीतून पैसे काढून मी फळीवर ठेवले. काकांनी नको म्हटलं नाही. बोट ओलं करून एकेक नोट मोजली, मग काकूंकडून पुन्हा मोजून घेतली.

"छत्तीस," काकू म्हणाल्या. "पुरं हायत."