सोन्याने पोळी खाल्ली

"चार दिवस झाले साहेब, वैरणीले तोंड लावून नाई राह्यला," किसनराव म्हणाले. त्यांचा बैल सोन्या पाठ कमानीसारखी वर करून उभा होता.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात नवा डॉक्टर. किसनरावांचा नाचणगावला भाजीचा मळा. सोन्या आणि राजा ही त्यांची गवळाऊ जातीची बैलजोडी, वासरं होती तेव्हापासून नवरा-बायकोने पोरांसारखी वाढवलेली.

मी वशिंडामागे जोरात चिमटा घेतला. निरोगी बैल पाठ खाली दबवतो. सोन्या कण्हला. म्हणजे पोटात तार असण्याचा संशय. बैल धड न चावताच गिळतो. चाऱ्यातली तार पोटाच्या पुढच्या कप्प्यात अडकते, आणि त्याला लागूनच हृदय असतं. तिथे पोचण्याआधी ऑपरेशन करून ती काढावी लागते.

"नागपूरला न्या. उद्याच."

"उद्या पोळा हाय साहेब. आज त्याले आवतण देलं."

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकून 'आज आवतण घ्या, उद्या जेवायले या' म्हणतात. बोलावलेला पाहुणा उपाशी कसा धाडायचा? मी नमलो. दुखणं कमी करायचं इंजेक्शन दिलं आणि परवाचा ट्रक सांगितला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी किसनराव सायकलवर हजर. "खाल्ली साहेब! पुरणाची पोळी खाल्ली, वरून कडबाही खाल्ला!"

मी जाऊन पुन्हा चिमटा घेतला. सोन्या कण्हला नाही. मला वाटलं, संशयच चुकीचा होता. जिल्ह्याच्या माझ्या वरिष्ठ साहेबांना फोन केला.

"खातोय ना? मग कशाला पोट फाडता? ट्रक कॅन्सल करा."

मी कॅन्सल केला. हलकं वाटलं, हेही कबूल करतो.

त्यानंतर पाचव्या दिवशी सोन्या मळ्यात बसला तो उठलाच नाही. मी पोस्टमार्टेम केलं. बोटभर तार थेट हृदयात शिरली होती. दोडक्याच्या मांडवाची तार. किसनरावांनी ती ओळखली.

"मग तो खात कसा होता?" मी स्वतःशीच बोललो.

त्यांच्या बायकोने, रुक्माबाईंनी, डोळे पुसत सांगितलं, "आवतणाच्या रातीपासून भांगेचा पाला गुळात वाटून देत होतो, सकाळ-संध्याकाळ. पोळ्याले तो उपाशी राह्यला असता तं आमच्या गळ्याखाली घास उतरला असता का?"

"मले काऊन नाई सांगितलं?" माझ्याही तोंडी त्यांचीच बोली आली.

"तुम्ही इचारलं कुठी?"

खरंच होतं. भांगेतली द्रव्यं मेंदूतली भूक जागी करतात आणि दुखणं बोथट करतात. पोटातल्या तारेला ती काही करत नाहीत. सोन्याची भूक भांगेची होती, बरं होण्याची नव्हती. त्या वाढलेल्या भुकेवर विसंबून मी ट्रक कॅन्सल केला. त्या बैलाला मी मारलं, असं मला आजही वाटतं.

आठवड्याने पुन्हा बोलावणं आलं. राजा खात नव्हता. मी चिमटा घेतला, ताप पाहिला, पोटाला कान लावला. काहीच नव्हतं. तो शेजारच्या रिकाम्या खुंट्याकडे तोंड करून उभा होता.

"याले देऊ का साहेब, भांग?" किसनरावांनी विचारलं.

या वेळी त्यांनी आधी विचारलं होतं, आणि माझ्याकडे दुसरं औषध नव्हतं. मी 'द्या' म्हणालो. राजाने भांग-गुळाचा गोळा हुंगला आणि तोंड फिरवलं.

पुढे नोकरीभर मी प्रत्येक मालकाला पहिला प्रश्न एकच विचारला: जनावराने खावं म्हणून घरी काय दिलं? उत्तर कुणीही लपवलं नाही.