हरलेल्या तबकडीचा तोकुजी

तबकड्यांची लढाई टोकियोत झाली, अमेरिकेत झाली, म्हणे आणखी कुठं कुठं झाली. आमच्या कामाउरा गावात तिचा एकच शिपाई होता, कुसाकाबे तोकुजी. आणि आपण लढतोय हे त्या बिचाऱ्याला ठाऊकही नव्हतं.

बंदरावरनं चढ चढून वर आलं की आधी माझं मासळी वाळवायचं खोपट लागतं, आणि त्याला चिकटून तोकुजीचं विजेच्या सामानाचं दुकान. वर एकाच कंपनीची पाटी. तसल्या दुकानात दुसऱ्या कंपनीची वस्तू मिळत नाही आणि कुणी मागतही नाही. न्हाणीतला दिवा गेला, बोलवा तोकुजीला. धुण्याचं यंत्र अडलं, बोलवा तोकुजीला. गडी दार वाजवायचा नाही. "आलो गं" म्हणत थेट स्वयंपाकघरात. कुणाच्या फ्रीजमध्ये काय सडलंय ते घरच्या सुनेआधी त्याला कळायचं. नवीन काय घ्यायचं हेसुद्धा आम्ही ठरवत नसू. "औंदा तुमचा टीव्ही बदलू या," असं तो म्हणाला की टीव्ही बदलायचा. कल्ले उचलून मासळीचा ताजेपणा सांगणाऱ्यावर जसा भरवसा ठेवावा, तसा आमचा त्याच्यावर होता.

तर नवीन यंत्रं आली. टीव्हीवरचा कार्यक्रम तबकडीवर उतरवून घ्यायचा आणि पाहिजे तेव्हा बघायचा. चित्र असं लख्ख की माशाचे खवले मोजावेत. पण त्यात दोन जाती. एकीचं नाव एचडी डीव्हीडी, दुसरीचं ब्लू-रे. एकीची तबकडी दुसरीच्या यंत्रात चालत नाही. सवतीच म्हणा. आमच्या पाटीवरच्या कंपनीनं पहिलीचा हात धरला होता, म्हणून तोकुजीनंही धरला, आणि त्याच्यामागं आम्ही सात घरांनी. मी त्यावर एकदा सुमोची कुस्ती उतरवली. मग बायकोनं यंत्रावर कापड टाकून फुलदाणी मांडली. आमच्यापुरता त्या यंत्राचा विषय तिथंच संपला होता.

दोन हजार आठच्या जानेवारीत अमेरिकेतल्या एका मोठ्या सिनेमावाल्या कंपनीनं बाजू बदलली. तोकुजी म्हणाला, "सिनेमावाल्यांचं काय खरं असतंय व्हय?" फेब्रुवारीत बाहेर कमरेएवढं बर्फ होतं, मी त्याच्या दुकानात चुलीपाशी बोटं शेकत बसलो होतो, आणि बातम्या लागल्या. आमची कंपनी एचडी डीव्हीडीचा धंदा बंद करत होती. दुकानातले लहानमोठे सगळे टीव्ही चालू होते. सगळ्या पडद्यांवर कंपनीचे साहेब माफी मागायला एकदम वाकले. कुठं हातभर उंचीचे साहेब, कुठं वीतभर. तोकुजी हातातला पेचकस खाली ठेवून उठला, आणि त्यांच्यापुढं तोही वाकला. त्यांनी मान वर केली, बातमी बदलली, हवामान लागलं, तरी हा आपला वाकलेलाच.

त्या दिवसापासून त्याची झोप गेली.

झोप गेलेला माणूस जागा असतो असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. तो दिवसाउजेडी उघड्या डोळ्यांनी स्वप्नात वावरतो. एकदा माझ्या खोपटात येऊन तो टांगलेल्या मासळीच्या रांगांत उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "सगळी एकाच अंगाला फिरत्यात बग." मासळी हलतही नव्हती. दुसऱ्या दिवशी रस्त्यात मधोमध थांबलेला. मी म्हणालो, "काय रं, काय हुडकतूस?" तर म्हणे, "हे बर्फ मला तबकड्यांच्या ढिगावानी दिसतंय. पाय ठिवला तर फुटंल." आणि खरंच पाय जपून, बाजूबाजूनं टाकत तो घरी गेला. त्या दिवसांत समुद्रावर धुकं असं बसलं होतं की लाटांचा आवाज यायचा पण लाट दिसायची नाही. त्याचं बघून मलाही सगळं पाण्याखाली असल्यासारखं वाटायला लागलं होतं.

त्याची बायको फुसाए मात्र जमिनीवरची बाई. तिनं हिशेब सरळ मांडला. "सात घरांस्नी तुमी ते यंत्र गळ्यात बांदलंत. सात घरी जावा, पाया पडा, माफी मागा. येकदा का सातांनी माफी दिली की पाटी उतरवू, दुकानाला कुलूप घालू आन सेंदाईला चिनात्सुकडं जाऊ. पोरीनं खोली रिकामी ठिवलीया." तोकुजीनं मान हलवली. ती लगोलग कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळायला बसली.

आता आमच्याकडं माफी मागायची म्हणजे मिठाईचा डबा न्यावा लागतो, आणि तो हलका चालत नाही. पानासारख्या उडणाऱ्या बिस्किटांची माफी कोण घेणार? योकानच पाहिजे. लाल चवळी आणि साखर आटवून केलेली घट्ट वडी, विटेसारखी वजनदार. डबा हातात घेताना समोरच्याचा हात जरा खाली गेला पाहिजे, म्हणजे चूक केवढी ते कळतं. डबा ठेवून घेतला की माफी पोचली. परत केला तर नाही पोचली.

माझ्या घरी तो आला तेव्हा त्यानं दार वाजवलं. जन्मात पहिल्यांदा. मी उघडलं तर मयताला जावं तसा काळा कोट, काळा गळपट्टा.

"कोण मेलं रं?" मी विचारलं.

"मीच म्हण," तो म्हणाला, आणि उंबऱ्यातच कपाळ टेकून मोकळा झाला. आमची ही पुढं धावली. "अवं उठा, उठा! त्या यंत्रावर फुलदानी लई शोभती." मी डबा घेतला. पण रिकाम्या हातानं परत पाठवायची आमच्यात रीत नाही, म्हणून तिनं त्याला वाळवलेल्या मासळीची जुडी दिली. पुढच्या घरात मुळ्याचं लोणचं मिळालं, त्याच्या पुढच्यात सुकवलेली जपानी तेंदूची फळं, मग तांदूळ, मग घरची दारू. संध्याकाळी गाडी भरून आली तशी फुसाए कडाडली, "माफी मागाय गेलावतासा का लगीन लावाय?"

सहा घरं झाली. सातवं राहिलं मागोइची तात्याचं.

मागोइची ऐंशीच्या घरातला, एकटा, कानानं जड. भूशिराच्या टोकाला त्याचं घर, पुढं नुसतं पाणी. उभी हयात लांबच्या समुद्रावर ट्यूना धरण्यात गेली. तिथं काय झालं ते तोकुजीनं मला नंतर जसंच्या तसं सांगितलं.

डबा पुढं केल्यावर म्हातारा म्हणाला, "हे कशापायी?"

"माफी मागतूय, तात्या. यंत्र बंद पडलं."

"माझं चालू हाय."

"तसं न्हवं. कंपनीनंच बंद केलं."

"कंपनी माझ्या घरात ऱ्हाती व्हय?"

तोकुजीनं समजावलं. आता नव्या तबकड्या येणार नाहीत. पुढंमागं सुटे भागही मिळायचे नाहीत. आणि ह्या तबकड्यांवर उतरवलंय ते दुसऱ्या यंत्रात नेता येत नाही, कुलूप घातलेलं असतं. हे यंत्र मेलं की त्यातलं सगळं मेलं. म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं, निदान तसं दिसलं तरी. मग म्हणाला, "आन तू कुठं निगालास?"

"सेंदाईला. पोरीकडं. तुमी एवढा डबा घेतलासा की मोकळा झालो."

"मंग न्हाई घेत," मागोइची म्हणाला. "मोकळं करायला तू काय माझ्या गळातला मासा हायस? जायाचं तर जा. माफी घिऊन जायाचं न्हाई."

झालं. फुसाएनं त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठवला. डबा परत आला. तिसऱ्या दिवशी पुन्हा. डब्याचे कोपरे मऊ पडले, कागद चुरगळला, तेव्हा तिनं नव्या कागदात बांधून दिला. चिनात्सुचा रोज फोन, आई कधी येताय? फुसाए म्हणायची, "येक म्हातारा आडवा आलाय."

पण हळूहळू तिला एक खटकायला लागलं. नवरा जेवण करून डबा घेऊन पायीच जायचा तो पार दिवे लागल्यावर यायचा. चेहरा सैल. आणि डाव्या गालावर चटईची नक्षी उठलेली, बारीक उभ्या रेघा. एक दिवस खोपटात येऊन ती मला म्हणाली, "तुमचा दोस्त पितोय. त्यो म्हातारा त्येला पाजतोय. गाडी काडा. आज दोघांस्नी बगती." तिला गाडी चालवता येत नाही. मी काढली.

भूशिराच्या रस्त्यावर बर्फाच्या दोन भिंती आणि वर धुक्याचं छप्पर, त्यातनं आम्ही चाललो होतो. फुसाए पुढं बसून पदर खोचल्यासारखी तयारीत. म्हाताऱ्याच्या घरी हाक मारली, कुणी ओ दिली नाही. म्हातारा बहिरा, दुसरा काय करतोय कुणास ठाऊक. आम्ही बूट काढून आत गेलो.

खोली निळी होती. दिवा नव्हता, पडदे ओढलेले, आणि टीव्हीतनं निळा उजेड भिंतीवर, छतावर, म्हाताऱ्याच्या टकलावर हलत होता. पडद्यावर समुद्राचं पोट. कुठल्या तरी गरम देशातलं पाणी, तळाशी झाडांसारखी पोवळी, आणि त्यातनं पिवळ्या माशांचा एक थवा यायचा, वळायचा, निघून जायचा, परत यायचा. आवाज पार बंद. म्हाताऱ्याला तो ऐकू येत नव्हताच, त्यानं कशाला ठेवावा? मागोइची खाली शेगडी असलेल्या बैठ्या मेजाच्या गोधडीत पाय घालून ताठ बसला होता. आणि त्याच्या पलीकडं चटईवर, गाल चेपून, तोंड उघडं टाकून, तोकुजी झोपला होता. घोरत होता. मासे त्याच्या पाठीवरनं पोहत जात होते.

दारूची बाटली नव्हती. दोन कप चहाचे.

फुसाए दारातच थांबली. मग मोठ्यानं म्हणाली, "कवापासनं?"

"जेवल्यापासनं," मागोइची मान न वळवता म्हणाला. "रोजच. माफी मागत बसतोय, मागता मागता आडवा हुतोय."

"म्हाताऱ्या, डबा घे की रं. आमास्नी हितंच कुजवणार हायस का?"

"तुला कुणी धरलंय? उठीव त्येला आन घिऊन जा सेंदाईला. उठीव की."

ती पुढं गेली. वाकली. हात त्याच्या खांद्यापर्यंत नेला. मी बघत होतो. त्या उजेडात तिचा हातही निळा झाला होता. तोकुजीनं झोपेत काहीतरी चघळलं आणि कूस बदलली. इतके दिवस आपल्या घरात रात्री कोण उठतंय, कोण पाणी पितंय, कोण छताकडं बघतंय, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? हात तसाच मागं आला. मग ती बसली, गोधडी उचलून पाय आत घातले आणि म्हाताऱ्याच्या शेजारी पडद्याकडं बघायला लागली. मीही बसलो. काय करणार?

पिवळा थवा गेला. खालनं एक भलामोठा, सपाट, पंखासारखा प्राणी आला आणि सावकाश वर चढत गेला.

"ह्यो कसला मासा?" फुसाएनं विचारलं.

"ठावं न्हाई," मागोइची म्हणाला. "गळाला लागून वर आला असता तर सांगितलं असतं. मी समुद्राच्या पाठीवर जन्म काडला. पोट पयल्यांदाच बगतूय."

"किती येळ चालतंय हे?"

"तबकडी सपली की परत लावायची."

चहा थंड झाला. बाहेर खरा समुद्र दगडांवर आपटत होता, पण तो दूरचा वाटत होता, कुणाच्या तरी दुसऱ्याच गावातला. मला वाटतं माझाही डोळा लागला. जाग आली तेव्हा फुसाए म्हाताऱ्याला विचारत होती, "ह्ये यंत्र बिगाडलं तर काय करशील?"

"ह्यो हाय की." म्हाताऱ्यानं हनुवटीनं तोकुजीकडं दाखवलं.

"त्यो गेला तर?"

"मंग मी माझा जुना समुद्र बगंन. खिडकीतला. त्यात तळ दिसत न्हाई."

येताना गाडीत तोकुजी मागं बसला होता, तरतरीत, केस उभे. डबा मांडीवर. "आज बी न्हाई घेतला," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिनात्सुचा फोन आला. आमच्यामधली भिंत फळ्यांची, सगळं ऐकू येतं. पोर काय म्हणाली ते कळलं नाही, आईचं कळलं.

"न्हाई येत गं. ...म्हाताऱ्याचं काय न्हाई, तुझ्या बाचं हाय. त्येला हितं झोप लागती. ...सेंदाईला न लागली तर? जागं मानूस घिऊन मी तुझ्या खोलीत काय करू, भिंती मोजू? ...मी येती की, येऊन चार दिस ऱ्हाऊन जाती. एकटी. ...डॉक्टर कशाला? त्येला काय झालंय?" मग आवाज चढला. "पाटी कंपनीला न्यायची तर नेऊ दे! पाटी दिवं लावती व्हय?"

फोन आपटल्याचा आवाज आला. मग शटर वर जाताना करकरलं. मी बाहेर डोकावलो. सासागावा म्हातारी बर्फात उभी होती, काठीला टेकून, केव्हाची कोण जाणे.

"हाय का तुझा मालक?" तिनं फुसाएला विचारलं. "न्हाणीतला दिवा गेलाय, अंधारात अंग धुती म्या."

"हाय," फुसाए म्हणाली. "झोपलाय. जरा बसा."